ही जेन कोण लागून गेली?

शिव शिव शिव! कुठे फेडतील ही पापं? १८४७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या कॉर्नहिलवरच्या ‘स्मिथ, एल्डर आणि कंपनी’नं तीन खंडांची एक कादंबरी बाजारात सोडली आणि चांगल्या कुळाशीलाच्या बायका रात्री मेणबत्ती विझवायचं विसरल्या. पुस्तकाचं नाव ‘जेन एअर’. खाली लिहिलंय ‘एक आत्मचरित्र’. त्याच्याही खाली ‘संपादन : करर बेल’. आता हा करर की ही करर? नाव धड बाप्याचं नाही, धड बाईचं नाही. आत्मचरित्र एकीचं आणि संपादन भलत्याचंच! म्हणजे काहीतरी लपवायचं आहे. आणि ज्या घरात लपवायचं काही असतं, त्या घरावर गावाचा डोळा असतोच.

किंमत विचाराल तर साडेएकतीस शिलिंग. कथेतली नायिका एका जमीनदाराच्या घरी राहून मुलीला शिकवते. तिला वर्षाला पगार ३० पौंड. हिशेब करा. स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची तर तिला एकोणीस दिवसांचा पगार मोजावा लागला असता. म्हणजे विकत घेऊन वाचणार कोण? जिच्या पदरी अशी एखादी गव्हर्नेस पगारावर ठेवलेली आहे ती मालकीण. आणि मालकिणीनं पुस्तकातून डोकं वर काढलं की समोर कोण? पोरांना फ्रेंचचे धडे देणारी, गळाबंद काळ्या झग्यातली, खाली मान घातलेली एक बाई. हिच्याही मनात हेच चाललंय की काय! निम्म्या लंडनला त्या हिवाळ्यात चहा कडू लागला असेल.

गोष्ट सांगते, पण कानांवर हात ठेवून ऐका. बोटांत थोडी फट असू द्या.

जेनचे आईबाप तापानं पाठोपाठ गेले. मामानं तान्ह्या भाचीला घरी आणलं, तर तोही गेला. जाताना बायकोकडून वचन घेऊन गेला की पोरीला आपल्या लेकरांसारखं वाढव. आता मामी आणि आश्रित भाची एवढं म्हटलं की पुढचं मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. ही मामी विलायतेतली, इतकाच फरक. तिचा जॉन चौदा वर्षांचा, गोड खाऊन खाऊन सुजलेला, ‘तब्येत नाजूक’ म्हणून शाळेतून घरी ठेवलेला. जेन दहाची. ती खिडकीत पडद्याआड पाय दुमडून पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक बघत बसलीय. हा तिला शोधून काढतो, खुर्चीसमोर उभी करतो, पुस्तकं आमची, तू आमच्या जिवावर जगतेस, असं ऐकवतो. मग तिला दाराशी उभं राहायला सांगतो आणि तेच जाडजूड पुस्तक फेकून मारतो. पोर दारावर आपटते, डोक्याला खोक पडते. मामी काय करते? तिला असलं काही दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. पण कार्टी उलट अंगावर गेली हो! मामेभावाला रोमन बादशहांच्या रांगेत बसवून मोकळी झाली. मग शिक्षा कुणाला? अर्थात तिलाच. मामा ज्या लाल खोलीत वारला त्याच खोलीत तिला कोंडतात. भुताच्या भीतीनं पोरीची शुद्ध हरपते आणि मग घरातल्यांना डॉक्टर नव्हे, औषधवाला आठवतो.

तिथून तिची रवानगी धर्मादाय शाळेत. तिथले व्यवस्थापक ब्रॉकलहर्स्ट हे धर्मगुरू आणि काटकसरीचे महामेरू. करपलेली पेज मुलींनी खाल्ली नाही म्हणून बाईंनी त्यांना पाव आणि चीज दिलं, तर यांचा जीव खालीवर. देह जगवलात, आत्मा मारलात, म्हणाले. मग त्यांची नजर एका पोरीच्या कुरळ्या केसांवर जाते. केस जन्मजात कुरळे आहेत, असं बाई सांगतात. जन्मजात असले म्हणून काय झालं, कापून टाका! सगळ्या वरच्या वर्गाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात आणि एकेकीचा अंबाडा पाठीमागून तपासतात. हे प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना दार उघडतं आणि त्यांच्याच घरच्या बायका आत येतात. मखमल, रेशीम, फर. मुलींच्या टोप्यांत शहामृगाची पिसं, त्याखाली हौसेनं वळवलेल्या बटा. आणि सौ. ब्रॉकलहर्स्टबाईंच्या कपाळावर तर फ्रेंच कुरळ्यांचा खोटा झुपका, तोही विकतचा! मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात या पानाला तोड नाही. लेखिकेनं इथे आपलं मत म्हणून एक अक्षर घातलेलं नाही. नुसतं दार उघडलंय.

याच शाळेत हेलन बर्न्स नावाची शांत पोर खोकत खोकत मार खाते, कपाळाला ‘गबाळी’ अशी पाटी बांधून दिवसभर हिंडते आणि शेवटी जेनच्या मिठीत रात्री मरून जाते.

आता ऐका गंमत. पोरीच्या डोक्यात पुस्तक घालणं, उपाशी ठेवणं, केस कापणं, काटक्यांच्या जुडीनं मानेवर मारणं, यातल्या कशानं लंडनच्या सभ्य समाजाला धक्का बसला? कशानंही नाही. रुमाल भिजले, उसासे टाकले गेले. असं चालतंच, असं सगळ्यांना ठाऊकच होतं; कित्येकांच्या स्वतःच्याच शाळा तशा होत्या. धक्का बसला तो पोरीला बोलता येतं याचा. शाळेत जायच्या आधी ती मामीसमोर उभी राहते आणि तुम्ही वाईट वागलात, मी हे सगळ्यांना सांगणार आहे, असं तोंडावर सुनावते. मामीच्या मांडीवरचं शिवण खाली घसरतं. बाई गं! ज्यांचं अन्न खाल्लं त्यांना असं बोलायचं? मारणाऱ्यानं मारावं, मार खाणाऱ्यानं निदान हिशेब तरी ठेवू नये!

प्रेमप्रकरणाकडे वळते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय.

थॉर्नफील्ड हॉल. मालक एडवर्ड रॉचेस्टर, चाळिशीकडे झुकलेला, कुरूप, तुसडा, सोबत पॅरिसच्या नर्तकीची पोर. तिला शिकवायला आलेली जेन अठराची. रात्री वरच्या मजल्यावरून कुणीतरी खदखदून हसतं. एके रात्री मालकाच्या पलंगाला आग लागते. जेन पाण्याचे घडे ओतून त्याला वाचवते. दुसऱ्या एका रात्री पाहुण्याला कुणी चावतं! खापर फुटतं ते शिवणकाम करणाऱ्या ग्रेस पूलच्या डोक्यावर, आणि ती बिचारी मुकाट काळी बीअर पीत बसते. मधेच हे मालकसाहेब जिप्सी म्हातारीचं सोंग घेऊन स्वतःच्याच पाहुण्यांचं भविष्य सांगतात. जमीनदार माणूस! बाईचा वेष! शेकोटीसमोर बसून! मी तर म्हणते, माळ्यावरचं गुपित परवडलं.

आणि लग्नाचं ते पान. चर्चमध्ये भटजी विचारतात, कुणाची हरकत आहे का? कुणाची नसतेच, म्हणून तर विचारायची पद्धत. इथे एक वकील पुढे येतो आणि म्हणतो, आहे. नवरदेवाची पहिली बायको जिवंत आहे. पंधरा वर्षांपूर्वी जमैकातल्या स्पॅनिश टाउनमध्ये, ३० हजार पौंड हुंड्यासकट लग्न झालेली. ती वेडी, आणि ह्यांच्याच माळ्यावर! म्हणजे ती हसायची, ती पेटवायची, ती चावायची, आणि ही खाली बसून पोरीला चित्रकला शिकवायची.

पुढे जेन काय करते? लग्नाविना राहा, म्हणून तो गयावया करतो, तरी ती पहाटे खिशात थोडके पैसे घालून निघून जाते. टीकाकारांनी एवढं सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

आता या पुस्तकानं लावलेल्या वेडाची लक्षणं बघा. प्रकाशक जॉर्ज स्मिथ तेवीस वर्षांचा पोरगा. एका रविवारी सकाळी हस्तलिखित हातात घेतलं. बाराला मित्राबरोबर घोड्यावरून रपेट ठरलेली. चिठ्ठी पाठवून रद्द केली. जेवायला वर्दी आली, तर सँडविच आणि वाइनचा पेला वाचायच्या खोलीतच मागवला. रात्रीचं जेवण घाईघाईत उरकलं आणि निजायच्या आधी पुस्तक संपवलं. हस्तलिखित रवाना झालं होतं २४ ऑगस्टला, पुस्तक दुकानात पोहोचलं ऑक्टोबरात. हक्काचे दिले १०० पौंड, आणि पुढे एकूण ५०० झाले म्हणतात. याच करर बेलची आधीची एक कादंबरी प्रकाशकांच्या दारोदार फिरली होती. स्मिथकडे ती पाठवताना आधीच्या प्रकाशकांची नावं नुसती खोडून तोच कागद गुंडाळला होता. म्हणजे कोणी कोणी नाकारलंय ते वेष्टनावरच वाचा! हा भोळेपणा म्हणायचा की तोरा, ते मला अजून उलगडलेलं नाही.

कादंबरीकार थॅकरे तेव्हा ‘व्हॅनिटी फेअर’ हप्त्याहप्त्यानं लिहीत होते, छापखाना दारात उभा. त्यांनी हे पुस्तक उघडलं आणि दिवस बुडाला. कोळसे घेऊन आलेल्या नोकरानं पाहिलं तर साहेब रडताहेत! हे त्यांनी स्वतःच प्रकाशकाला कळवलं. चार महिने होत नाहीत तोच लंडनच्या व्हिक्टोरिया थिएटरात ‘जेन एअर’चं नाटक उभं राहिलं, प्रकाशकाचा माणूस बघून आला आणि नाक मुरडलं. अमेरिकेत तर १८४८ च्या ऑक्टोबरात ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त एडविन व्हिपल यांनी सरळ रोगाचंच निदान केलं, ‘जेन एअर ज्वर’. न्यू इंग्लंडच्या मुली रॉचेस्टरवर फिदा झाल्या म्हणून तिथले तरुण म्हणे बायकांसमोर छाती काढून चालू लागले आणि शिव्या देऊ लागले. रॉचेस्टर व्हायला तेवढं पुरतं, असा त्यांचा समज. माळा आणि बायको दोन्ही नव्हतं बिचाऱ्यांकडे.

त्याआधीच दुसरी आवृत्ती आली होती आणि करर बेलनं ती थॅकऱ्यांना अर्पण केली होती. हाय हाय हाय! कारण सगळ्या लंडनला ठाऊक, आणि फक्त करर बेलला ठाऊक नाही, अशी एक गोष्ट होती. थॅकऱ्यांची पत्नी इझाबेला १८४० पासून मनोरुग्ण होती. तिला दुसरीकडे सांभाळायला ठेवलेलं. घरात दोन मुली, त्यांना शिकवायला गव्हर्नेस. आणि त्यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’ची नायिका बेकी शार्पही गव्हर्नेसच! झालं. दोन आणि दोन मिळवायला लंडनला कितीसा वेळ लागतो? करर बेल म्हणजे थॅकऱ्यांच्या घरातली गव्हर्नेस. त्यांनी तिला बेकी केली, तिनं त्यांना रॉचेस्टर केलं. बिचारीला हे कळलं तेव्हा अर्पणपत्रिका छापून गावभर झालेली.

बेल कोण, यावर तर घरोघर पैजा. करर, एलिस आणि ॲक्टन असे तीन बेल. १८४६ साली तिघांच्या कवितांचं पुस्तक निघालं तर वर्षभरात खपल्या दोन प्रती. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चे संपादक लॉकहार्ट म्हणे, लँकेशरातले विणकर भाऊ असावेत. आणि याच ‘क्वार्टर्ली’त १८४८ च्या डिसेंबरात जो लेख आला, तो वाचून सांगते, आपल्याकडच्या पाणवठ्यावरच्या बायका परवडल्या.

लेख निनावी. परीक्षणाला घेतलेली पुस्तकं तीन : ‘व्हॅनिटी फेअर’, ‘जेन एअर’ आणि तिसरं गरीब गव्हर्नेसांना मदत करणाऱ्या संस्थेचा १८४७ चा अहवाल! एका पंगतीत कशा वाढल्यात बघा. लेखात म्हटलंय की ही नायिका कृतघ्न, गर्विष्ठ, देवानं दिलेल्या जागी समाधान न मानणारी आहे. युरोपात ज्या वृत्तीनं सिंहासनं उलथली आणि इंग्लंडात चळवळे चार्टिस्ट निपजले तीच वृत्ती या पानांत आहे. दहा वर्षांच्या पोरीनं मामेभावाला ओरबाडलं, त्याची तार थेट पॅरिसच्या क्रांतीला जोडली!

पुढचं त्याहून खमंग. लेखक पुरुषच असला पाहिजे, असं लेखात ठासून सांगितलंय. पुरावा? परीक्षण लिहिणाऱ्या महाशयांची म्हणे एक स्नेही महिला आहे, तिचा सल्ला ते आनंदानं घेतात. तिनं सांगितलं की पक्षी भाजायला बांधणं आणि फळांच्या ताटल्या सजवणं ही कामं कुठलीही बाई एकाच हातानं करत नाही, एका दमात बोलतही नाही. सकाळी उठून कुणी आकाशी क्रेपचा झगा आणि केसांत निळी ओढणी असा साज करत नाही. आणि रात्री आरडाओरडा ऐकून उठलेली बाई झगा अडकवत बसेल का, त्यापेक्षा सोयीचे कपडे हाताशी असतात. हा तपास पुरा झाल्यावर शेवटचा घाव : आणि समजा लिहिणारी बाईच असेल, तर आपल्या जातीच्या बायकांत वावरायचा हक्क तिनं कधीच गमावलेला असणार.

तर हे लिहिणारे महाशय कोण? एलिझाबेथ रिग्बी! म्हणजे बाईच. नाव झाकून पुरुषी ‘आम्ही’ म्हणत, स्वतःलाच ‘स्नेही महिला’ करून स्वतःचाच सल्ला घेणाऱ्या. बेल बाप्याचं सोंग घेतो म्हणून बोटं मोडायची, तीही सोंगातूनच. वर्षभरात त्या चित्रकार चार्ल्स ईस्टलेक यांच्याशी लग्न करून पुढे लेडी ईस्टलेक झाल्या. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. लेखणी धारदार होती. फक्त धार कुणाच्या मानेवर चालली, तेवढं सांगते.

करर बेल म्हणजे यॉर्कशायरच्या हॉवर्थ गावच्या धर्मगुरूंची लेक शार्लट ब्राँटे. एलिस म्हणजे एमिली, ॲक्टन म्हणजे ॲन. शार्लट स्वतः दुसऱ्यांच्या घरी गव्हर्नेस होती; एका घरी वर्षाला २० पौंड, त्यातून धुण्याचे ४ वजा. ‘जेन एअर’ सुरू झाली १८४६ च्या ऑगस्टात मँचेस्टरच्या भाड्याच्या खोलीत. बापाच्या डोळ्यातला मोतीबिंदू तिथे काढला, भूल न देता. आणि त्याच दिवशी तिची आधीची कादंबरी नाकारून परत आली. त्याच खोलीत ती ही गोष्ट लिहायला बसली, आणि शेवटी रॉचेस्टरला आंधळा केला. नायिका सुंदरच हवी, या बहिणींच्या म्हणण्यावर तिनं पैज मारली होती म्हणतात : माझ्याइतकी बुटकी आणि साधी नायिका उभी करते, बघा. (१९५२ साली हीच गोष्ट ‘संगदिल’ नावानं हिंदी पडद्यावर आली. रॉचेस्टरच्या जागी दिलीपकुमार. आणि साधी, चारचौघींसारखी दिसणारी नायिका म्हणून कोण? मधुबाला!)

घरातल्या घरातही गुपित. पुस्तक गाजून गेल्यावर शार्लट बापाकडे गेली आणि म्हणाली, बाबा, मी एक पुस्तक लिहिलंय. डोळ्यांना ताण पडेल, हस्तलिखित नको, असं ते म्हणाले. छापलंय, म्हणाली. मग खर्च किती आला, नाव ना गाव, कोण घेणार, अशी बापाची काळजी. तिनं परीक्षणं वाचून दाखवली आणि पुस्तक ठेवून गेली. चहाला येऊन त्यांनी बाकीच्या मुलींना बातमी दिली की शार्लटनं पुस्तक लिहिलंय आणि ते वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं आहे. एमिली आणि ॲनची स्वतःची पुस्तकं तेव्हा कपाटात असतील, त्यांनी चहात तोंड लपवलं असेल!

या दोघींचा प्रकाशक न्यूबी. त्यानं अमेरिकेत ॲनची नवी कादंबरी खुशाल करर बेलची म्हणून विकायला काढली. जॉर्ज स्मिथनं खुलासा मागितला. १८४८ च्या जुलैत, ७ तारखेला, शार्लट आणि ॲन चहा घेऊन वादळी पावसात कीथलीपर्यंत पायी गेल्या आणि रात्रीच्या गाडीनं लंडन. सकाळी कॉर्नहिलच्या दुकानात दोन चिमुकल्या, जुन्या धाटणीच्या कपड्यांतल्या बायका. शार्लटनं स्मिथच्या हातात त्याचंच पत्र दिलं. हे तुम्हाला कुठे मिळालं, त्यानं जरा करड्या सुरात विचारलं. करर बेलला आलेलं पत्र दुसऱ्या कुणाकडे असणार? संध्याकाळी तो त्यांना ऑपेराला घेऊन गेला, रॉसिनीचा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’. ओळख करून दिली ‘मिस ब्राउन’ म्हणून. सगळं लंडन जिला शोधतंय ती जिन्यावरून गावठी झग्यात चढतेय आणि झुळझुळीत बायका तिच्याकडे बघून नाक वर करताहेत.

याच्या पुढचं मी हलक्या आवाजात सांगते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला भाऊ ब्रॅनवेल गेला. १९ डिसेंबरला एमिली. पुढल्या मे महिन्याच्या २८ तारखेला स्कारबरोला ॲन. आठ महिन्यांत घर रिकामं. रिग्बीबाईंचं ते ‘बायकांत वावरायचा हक्क’ एमिली गेली त्याच महिन्यात छापून आलं.

पण बाई गप्प बसणारी नव्हती. जेनचीच आई ती. पुढच्या कादंबरीला, ‘शर्ली’ला, तिनं ‘क्वार्टर्ली’ला झोडणारी प्रस्तावना लिहिली. प्रकाशकांनी ती छापायचं नाकारलं. ठीक आहे, म्हणाली. आणि कादंबरीत एक घमेंडखोर घराणं घालून, गव्हर्नेसला हिणवणाऱ्या त्यातल्या बायकांच्या तोंडी रिग्बीबाईंचीच वाक्यं घातली! १८४९ च्या ऑक्टोबरात लेडी होऊ पाहणाऱ्या बाईंनी ते पान उघडलं असेल तेव्हा चेहरा काय झाला असेल, ते बघायला मी काहीही दिलं असतं.

थॅकऱ्यांचाही हिशेब झाला. १८५० च्या १२ जूनला त्यांनी शार्लटसाठी घरी बायकांची बैठक बोलावली. लंडनच्या हुशार बायका नटूनथटून जमल्या, जळजळीत काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून. समोर हातमोजे घातलेली, हाताच्या उंचीची एक गंभीर बाई. दिवा काजळला, कुणी बोलेना. शेवटी एकीनं विचारलं, लंडन आवडलं का? बराच विचार करून उत्तर आलं : हो आणि नाही. थॅकऱ्यांनी मुलीला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि टोपी घालून क्लबात पळून गेले. तेवढ्या सगळ्या बायकांत शार्लट हळू आवाजात कुणाशी बोलली असेल, तर थॅकऱ्यांच्या घरातल्या गव्हर्नेसशी.

पुढच्याच वर्षी भर सभेत थॅकऱ्यांनी आपल्या आईला मोठ्यानं सांगितलं, या बघ जेन एअर! सगळ्यांच्या माना वळल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथच्या घरी ही सव्वाहाती बाई सव्वासहा फुटी थॅकऱ्यांसमोर उभी राहून त्यांना झाडत होती. मीही चारचौघांत तुम्हाला तुमच्याच कादंबरीतलं पात्र म्हणून हाक मारली असती तर? पेंडेनिस म्हणून का, त्यांनी विचारलं. छे, वॉरिंग्टन म्हणून, ती म्हणाली. वॉरिंग्टन असता तर असा वागला नसता. दहा वर्षांच्या पोरीनं मामीला सुनावलं ते काही कल्पनेतून आलं नव्हतं तर!

राणीसाहेबही सुटल्या नाहीत. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट रात्री साडेअकरापर्यंत जागून लग्नाआधीच्या रात्रीचं प्रकरण वाचत होते. राणीच्या अंगावर काटा आला आणि तिनं तसं रोजनिशीत लिहिलं. याच वर्षी हिंदुस्थानचा कारभार तिच्याकडे आला. जेनही थोडक्यात इकडे यायची राहिली, बरं का! सेंट जॉन नावाचा एक थंडगार पाद्री तिला लग्न करून हिंदुस्थानात धर्मप्रचाराला नेणार होता, त्यासाठी जर्मन सोडायला लावून हिंदुस्थानी शिकवत होता. बरं झालं आली नाही. आमच्याकडे मामी होतीच, वरून तो पाद्री!

आता शाळेचं. ती शाळाही खरी. लँकेशरात कोवन ब्रिज इथे पाद्र्यांच्या मुलींसाठी विल्यम कॅरस विल्सन यांनी १८२४ साली काढलेली. फी वर्षाला १४ पौंड. आई १८२१ सालीच गेली होती, म्हणून ब्राँट्यांच्या चार मुली तिथे. थोरली मरिया, अकरा वर्षांची, आजारी, कुशीवर औषधाचा चटका दिलेला. कपडे चढवायला वेळ लागला म्हणून शिक्षिकेनं तिला हाताला धरून खोलीच्या मध्यभागी भिरकावलं. १८२५ च्या मे महिन्यात ती क्षयानं गेली, जूनमध्ये दहा वर्षांची एलिझाबेथ. शार्लट नऊ वर्षांची. मरिया म्हणजेच हेलन बर्न्स. इतकी सोशिक मुलगी खरी वाटत नाही, असं कुणी म्हणालं तेव्हा शार्लटनं कळवलं की तिथे मी काहीच वाढवून लिहिलेलं नाही. पुस्तक निघाल्यावर एक वयस्कर पाद्री तिच्यासमोरच ते वाचत होता. शाळा ओळखली, माणसं ओळखली, आणि हाणलंय ते योग्यच हाणलंय, म्हणाला. शेजारी कोण बसलंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणजे ओळखणाऱ्यांनी ओळखली होती, आणि दहा वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. १८५५ मध्ये शार्लट गेली. १८५७ च्या मार्चमध्ये एलिझाबेथ गॅस्केल यांनी तिचं चरित्र छापलं आणि त्यात शाळा नावागावासकट आली. आणि आता, आत्ता कुठे, खरी बोंबाबोंब! वकिलाच्या धमक्या. शाळेच्या बाजूनं एक पुस्तिका. ‘हॅलिफॅक्स गार्डियन’च्या पानांवर त्या उन्हाळ्यात जुंपली : एकीकडे विल्सनांची माणसं आणि माजी शिक्षिका, दुसरीकडे शार्लटचा नवरा आर्थर निकोल्स. एवढा शांत पाद्री, पण पत्रामागून पत्र. गॅस्केलबाईंना तिसऱ्या आवृत्तीत मजकूर मवाळ करावा लागला. आणि वादाचा मोठा भाग कशावर, तर जेवणावर. अन्न भरपूर होतं, उत्तम होतं, एक पक्ष. खाण्यालायक नव्हतं, दुसरा पक्ष. सामान चांगल्या प्रतीचं येत होतं, स्वयंपाकीण गलिच्छ होती, हे गॅस्केलबाईंनीही लिहिलं होतं; मग स्वयंपाकीण कुणी नेमली, तिला काढली कधी, तिच्या जागी आलेली बरी होती की नाही.